त्यांच्यात तशी पद्धत असते

गेल्या दिवाळीत आमच्या घरात जेवता जेवता भांडण झालं. भांडण म्हणजे तसं भांडण नव्हे. महालातल्या घरांत माणसं मुळातच वरच्या पट्टीत बोलतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत मारामारी चालली आहे. आणि आत चर्चा चाललेली असते ती चहात आलं घालायचं की गवती चहा, याची. (हेही सरसकट विधानच झालं म्हणा. पण ते आमच्याविषयी आहे आणि मी महालातला आहे, म्हणून खपतं.) त्या दिवशीचा आवाज मात्र खरोखरीचा होता.

निमित्त झालं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं. नवरा-बायको, दोघं बंगाली. तो रेल्वेत आहे. सकाळपासून मोहरीच्या तेलाचा वास जिना उतरून खाली माजघरापर्यंत आला होता. मी सहज म्हणालो, "बंगाली माणूस म्हटला की मासळी आली, मिठाई आली आणि वाद आला. या तिन्हींशिवाय त्याचा दिवस मावळत नाही."

माझी नात पुण्याला नोकरी करते, चोवीस वर्षांची आहे. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "आबा, हे बोलणं रेसिस्ट आहे."

अडतीस वर्षं मी बँकेत काढली. त्या काळात लोकांनी मला खडूस म्हटलं, नियमावर बोट ठेवणारा म्हटलं, एकदा एका शेतकऱ्यानं भर काउंटरवर सावकार म्हटलं. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा एका समीक्षकानं कंटाळवाणा म्हटलं. पण हा शब्द माझ्या वाट्याला प्रथमच आला. आमच्या सौ.नं विचारलं, "काय म्हणून राहिली गं ही?" नातीनं अर्थ समजावून सांगितला. एखाद्या समाजाच्या सगळ्या माणसांना एकाच मापानं मोजायचं, म्हणजे वंशद्वेष. सौ. शांतपणे म्हणाली, "मग तुझ्या खापरपणजीला तर जन्मठेपच झाली असती."

आणि ते खोटं नव्हतं. माझी आजी याच घरात, याच माजघरात बसून सगळ्या जगाची वर्गवारी करीत असे. कोकणस्थांकडे जेवायला जायचं तर घरून दोन घास खाऊन निघावं. पुण्याच्या पाहुण्याला पहिल्यांदा वाढताना नको म्हणू द्यावं, कारण त्यांच्यात तशी पद्धत असते, दुसऱ्यांदा तो हो म्हणतो. मारवाड्याच्या घरी पाणी मागावं, दूध मिळतं. कोष्ट्याच्या घरचा रस्सा खायचा तर डोळ्यांचं पाणी पुसायला फडकं जवळ असू द्यावं. आणि आम्ही देशस्थ? आम्हां देशस्थांचं आणि घड्याळाचं वैर, असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. तिच्या त्या वर्गवारीत आम्ही पहिल्या रांगेत होतो, हे मला आज महत्त्वाचं वाटतं.

पुणे आणि नागपूर यांच्यात तर हा खेळ किती वर्षं चालू आहे! बँकेच्या एका प्रशिक्षणासाठी मी तरुणपणी पुण्याला गेलो होतो. दुपारी कोणी तरी मला शोधत आलं. मी म्हणालो, "थांबा जरा, जेवून राहिलो आहे." तो गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "जेवून राहिला आहात ना? मग उठा की!" पुढचे पंधरा दिवस माझं नाव 'राहिलो' असं पडलं. मी नागपूरला परतलो आणि पुण्यातल्या दुपारच्या बंद दुकानांचं आणि "चहा घेणार होतात का?" या प्रश्नाचं वर्णन करून शाखेत पंधरा दिवस भाव खाल्ला. हिशेब चुकता झाला. पु. ल. देशपांड्यांनी तर मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, यांपैकी कोण व्हायचंय, असं अख्ख्या महाराष्ट्राला विचारून ठेवलं आहे. ते ऐकताना आमच्या घरी सगळ्यात जास्त हसू नागपूरकराच्या भागाला आलं. त्यात कोणाचा द्वेष आहे असं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही, आणि आजही येत नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मला तिचं म्हणणं पटलं नाही. पण रात्री झोप येईना, तेव्हा मी त्या शब्दाचाच विचार करीत पडलो.

आमच्या लहानपणी वर्णद्वेष हा शब्द वर्तमानपत्रात यायचा तो दक्षिण आफ्रिकेच्या बातमीबरोबर. १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर गांधीजींना गाडीतून उतरवलं, तो वर्णद्वेष, हे शाळेत शिकलो होतो. म्हणजे तो गोऱ्यांचा रोग होता, आपला नव्हता. आपल्याकडे त्याच जागी जातीयवाद हा शब्द होता आणि तो मुख्यतः दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याला लावायचा असे. खरं तर मराठीनं या बाबतीत फार बारीक काम करून ठेवलं आहे. आपण दोन निरनिराळी वाक्यं बोलतो. एक, "त्यांच्यात तशी पद्धत असते." दुसरं, "त्यांची जातच तशी." वरवर पाहता दोन्ही सरसकट विधानं. पण पद्धत ही शिकलेली असते, बदलते, सोडता येते, दुसऱ्याला उचलता येते. आमच्या घरात मासळी शिजत नाही, पण मोहरीचं तेल मात्र आता स्वयंपाकघरात आलं आहे, हा वरच्या मजल्याचा प्रताप. जात म्हटलं की दार बंद. ती जन्माबरोबर येते आणि मेल्यावरही जात नाही, अशी आपणच म्हण करून ठेवली आहे. पहिलं वाक्य ऐकून माणूस पुढं काही तरी विचारतो. दुसऱ्या वाक्यानंतर विचारायला काही उरत नाही.

या दोन वाक्यांतला फरक आमच्या नागपुरानं फार जुन्या काळी पाहिलेला आहे. १८७७ च्या १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी सुरू झाली आणि पंचाईत लक्षात आली. मुंबईचा कामगार रोज यायचा, नागपूरचा येत नसे. दर दिवशी सरासरी शंभरातले वीस गैरहजर. चार पैसे मिळाले की दोन दिवस घरी, सण आला की गावी. नागपूरचा माणूस सैल, हे विधान तेव्हाही झालं असणार, आणि आकड्यांवरून पाहिलं तर ते खोटं नव्हतं! दंड लावायचा, किंवा हे लोकच असले म्हणून बाहेरून माणसं आणायची, हे मार्ग मोकळे होते. टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली, नियमित येणाऱ्यांना बक्षिसं दिली, खेळांचे दिवस भरवले. म्हणजे विधान मान्य केलं, पण ते 'पद्धत' या खात्यात टाकलं. पद्धत असेल तर तिला कारण असणार, आणि कारण असेल तर इलाज असणार. गिरणी आता राहिली नाही. पण आमच्या आसपासच्या किती तरी घरांच्या तीन पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. सैल माणसं इतकी वर्षं पहाटे उठत नसतात.

तरीही तो शिक्का पुसला गेला नाही. १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढे दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विभागवार अनुशेष मोजून दाखवला. सिंचन किती कमी, रस्ते किती कमी. तेव्हा विदर्भाबाहेरचे माझे काही स्नेही, चांगले शिकलेसवरलेले, मला म्हणायचे, "अहो, पैसे देऊन काय उपयोग? तुमच्याकडची माणसंच मुळात आळशी." हे वाक्य आणि 'राहिलो' ही थट्टा यांत मला तेव्हाही फरक जाणवला होता. थट्टेनं माझं काही गेलं नाही. या वाक्यानं कालवा जाऊ शकतो. कारण माणसंच तशी असली तर कालवा खणायची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

आता याच्या उलटं उदाहरण. एम्प्रेस मिल निघायच्या सहा वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत चोरीचा धंदा वाडवडिलांपासून चालतो, असं विधान होतं. त्यातलं काही एखाद्या काळी, एखाद्या टोळीबद्दल खरंही असेल. पण सरकारनं ते पद्धतीच्या खात्यात न टाकता जन्माच्या खात्यात टाकलं. मग मूल जन्मलं तेच गुन्हेगार. पोलिसांत नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पारध्यांसह कितीतरी जमाती त्यात सापडल्या. सोलापूरला त्यांच्यासाठी सेटलमेंट होती. १९५२ च्या ३१ ऑगस्टला त्यांना या कायद्यातून मुक्त केलं, म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचं. स्वातंत्र्य त्यांना पाच वर्षं उशिरा मिळालं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं आहे, त्यांना मी निराळं काय सांगू? १९८७ साली ते आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते तेव्हाच विकत घेऊन वाचलं, दोन मित्रांना वाचायला दिलं, त्यावर शाखेत चहाच्या वेळी तावातावानं बोललो.

आणि त्याच १९८७ सालची माझी एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुठल्या कादंबरीत घातली नाही.

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते ते. आम्ही त्याला आयआरडीपीच म्हणायचो. पंचायत समितीकडून याद्या यायच्या, कर्ज प्रकरणं यायची. म्हैस, शिलाई मशीन, बैलगाडी, शेळ्या. आदिवासींना निम्मी सबसिडी होती. एक दिवस एका पारधी माणसाचं प्रकरण आलं. दहा शेळ्या आणि एक बोकड. कागद पूर्ण होते. ग्रामसेवकाचा दाखला होता. तो स्वतः तीन वेळा येऊन गेला. माझ्याच वयाचा, डोक्याला पागोटं, बोलायला अदबशीर.

मी त्याच्याशी वाईट बोललो नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पारध्यांविषयी एक वावगा शब्द मी त्याच्यापुढे किंवा कोणापुढे काढला नाही; उलट कोणी काढला असता तर 'उचल्या' वाचलेला मी त्याला गप्प केलं असतं. फक्त प्रकरणावर दोन ओळींचा शेरा मारला. अर्जदाराचा कायम ठावठिकाणा नाही, वसुलीबाबत साशंकता, शिफारस नाही. ठावठिकाणा होता. गावाबाहेर बेडा होता, तिथे त्याचं कुडाचं घर होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी सांगितलं, "वरून मंजुरी आली नाही." वर ते प्रकरण गेलंच नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, एक डाव बेड्यावर येऊन तर पाहा." मी "येतो" म्हणालो. गेलो नाही.

त्याच महिन्यात मी दोन प्रकरणांवर 'प्रतिष्ठित घराणे, शिफारस' असा शेरा मारला होता. दोन्ही कर्जं थकली. १९९० मध्ये सरकारनं दहा हजारांपर्यंतचं थकलेलं कर्ज माफ केलं, त्यात ती दोन्ही बसली. यादी माझ्याच हातून टाइप होऊन गेली. प्रतिष्ठित घराण्यांच्या नावांवर खूण करताना मला शेळ्यांचं ते प्रकरण आठवलं होतं. मी ते आठवणं बाजूला सारलं आणि पुढच्या नावावर गेलो.

कोणी मला तेव्हा वंशवादी म्हटलं असतं, तर मी हसलो असतो. कारण माझ्या तोंडून सरसकट असं काही निघालंच नव्हतं. सगळं सरसकट होतं ते पेनात.

दिवाळीच्या त्या भांडणानंतर दोन दिवसांनी आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो, तेव्हा नातीनं आपण का भडकलो ते सांगितलं. पुण्यात ती आणि तिची मैत्रीण दोघी मिळून फ्लॅट शोधत होत्या. मैत्रीण मणिपूरची. एका घरी मालकीणबाईंनी दोघींना बसवलं, लिंबाचं सरबत दिलं, नोकरीची चौकशी केली, मैत्रिणीच्या मराठीचं कौतुक केलं आणि मग हळहळून म्हणाल्या, "अगं, थोडा उशीर झाला बघ तुम्हाला. फ्लॅट कालच गेला." आठ दिवसांनी एजंटनं तोच फ्लॅट नातीच्या दुसऱ्या मैत्रिणीला दाखवला. ती साताऱ्याची होती. तिला तो मिळाला.

"त्या बाई मणिपूरच्या लोकांविषयी काही बोलल्या का?" मी विचारलं.

"एक अक्षर नाही, आबा. इतक्या गोड होत्या! मैत्रीण तर जिन्यात म्हणाली, काय छान बाई आहे."

मग माझ्या लक्षात आलं की, तिच्या जिभेवर आलेला शब्द खरा होता. तो बसला मात्र चुकीच्या पत्त्यावर. ज्या बाईला तो म्हणायला हवा होता, तिनं म्हणायला जागाच ठेवली नव्हती. आणि मी बंगाल्यांच्या मासळीवर मोठ्यानं बोलून आयता सापडलो. आमचे बंगाली शेजारी त्याच घरात राहतात, त्याच जिन्यानं येतात-जातात. त्यांच्या बौदी आमच्या सौ.ला "तुम्ही मराठी लोक प्रत्येक गोष्टीत गूळ काय घालता?" असं विचारतात आणि सावजीचा रस्सा एकदा खाल्ल्यापासून नागपूरकरांच्या पोटाविषयी त्यांचं जे मत झालं आहे, ते इथे छापण्याजोगं नाही. हे असं दोन्हीकडून चालतं, तोवर त्याला मी द्वेष म्हणणार नाही. हा शब्द फार जड आहे. तो प्रत्येक चेष्टेवर खर्च केला, तर सरबत देणाऱ्या बाईपर्यंत पोचेपर्यंत त्याची धार जाते.

नातीनं तरीही मला पूर्ण सोडलं नाही. ती म्हणाली, "आबा, पण चेष्टेतूनच सुरू होतं ना?" तिचं हे म्हणणं मी टाळू शकलो नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा एक विद्यार्थी गेला. त्याचं प्रकरण सुरू झालं होतं दुकानातल्या लोकांनी त्याच्या केसांची चेष्टा केल्यावरून. तो चिडला, मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो मेला. नंतर सरकारनं ईशान्येच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमली आणि तिनं कायदा कडक करायला सांगितलं. तिथे कोणी म्हणेल की केसांची चेष्टा ही आजीच्या देशस्थांच्या चेष्टेसारखीच. तशी ती नव्हती. आजी ज्यांची थट्टा करायची, त्यांच्या घरी तिचं जाणं-येणं होतं आणि ते तिची उलट थट्टा करीत. दिल्लीच्या त्या मुलाची चेष्टा करणारे घोळका करून होते आणि तो परक्या शहरात होता. त्यानं उलट उत्तर दिलं, तेच त्याला महागात पडलं. उलट बोलता येतं की नाही, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. पण आजीविषयीही मी फार खात्रीनं बोलू नये. तिच्या वर्गवारीत काही माणसं नव्हतीच. त्यांची थट्टाही ती करीत नसे, कारण त्यांच्या घरी ती कधी गेली नव्हती आणि ती आमच्या माजघरापर्यंत कधी आली नव्हती. मुलांनो, ती पद्धत नव्हती, ती जात होती. आणि तिच्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी मोठ्यानं बोललं नाही.

आता शेवटचं सांगतो. ते नातीलाही दिवाळीत सांगितलं नव्हतं.

१७ मार्च २०२५ ची रात्र महालातल्या कोणाला विसरता येणार नाही. चिटणीस पार्काच्या बाजूनं आरडाओरडा, दगड, जळणाऱ्या गाड्यांचा धूर. मग कर्फ्यू. बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आले; त्यांच्या बोलण्यात "तुमचा महाल म्हणजे..." अशी सुरुवात होती, आणि मला राग आला. दोन-अडीचशे वर्षं नांदतं गाव एका रात्रीत 'म्हणजे' झालं. पण घराच्या आत आम्ही तेच करीत होतो. "ते लोक" या दोन शब्दांत आम्ही सगळं बसवत होतो. पलीकडच्या मोहल्ल्यातही तेव्हा "वो लोग" चाललंच असणार.

आमच्याकडे दर वर्षी मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलायला एक भाई येतात. त्या मोहल्ल्यातले. वीस-बावीस वर्षं तरी झाली असतील. त्या वर्षी मार्चमध्ये ते आले नाहीत आणि मी फोन केला नाही. एप्रिलच्या मध्यावर, उकाडा असह्य झाल्यावर, ते आपण होऊन आले. ताट्या बदलल्या, मोटरला तेल घातलं. आम्ही ताट्यांच्या भावाविषयी बोललो. चहा घेताना त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या घराला काही झालं तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही, तुमच्याकडे?" ते म्हणाले, "नाही." आणि आम्ही परत ताट्यांवर आलो.

मे महिन्यात वरची खोली रिकामी होती. एक मुलगा आला, पंचविशीतला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागलेला, अकोल्याचा. बोलणं चांगलं, जामीन द्यायला तयार, आगाऊ रक्कम खिशात. खोली पाहून झाली. मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं.

मी म्हणालो, "अरे, थोडा उशीर झाला बघ. कालच गेली खोली."

त्याला पाणी दिलं होतं. फाटकापर्यंत पोचवायला गेलो. तो "ठीक आहे काका, बघा कुठे असेल तर" म्हणून गेला. खोली नंतर दोन महिने रिकामी होती. जुलैत बंगाली आले.

त्या दिवशी मी "ते लोक" असंसुद्धा म्हटलं नाही. सौ.लाही सांगितलं ते एवढंच, की मुलाला जमलं नाही. १९८७ साली तरी शेरा लिहावा लागला होता, खाली सही करावी लागली होती. या वेळी तेवढंही नव्हतं. ती पुण्याची बाई आणि मी यांत सरबत आणि पाणी एवढाच फरक. गच्चीवर नात तिची गोष्ट सांगत होती, तेव्हा मी अंधारात बसलो होतो ते बरं झालं.

आता बंगाली मंडळींची बिलासपूरला बदली झाली आहे. जाताना बौदींनी सौ.ला मोहरीच्या तेलाची बाटली दिली आणि गूळ कमी घालायला सांगितलं. नात होळीला आली, तेव्हा मी तिला मे महिन्यातली गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, तो शब्द आता येईल. आला नाही. तिनं जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा शोधला, मार्करनं पाटी केली आणि फाटकाला बांधली. 'खोली भाड्याने देणे आहे', आणि खाली माझा फोन नंबर. जाताना मला म्हणाली, "आबा, या वेळी नाव शेवटी विचारा. आधी खोली दाखवा, भाडं ठरवा, किल्ली द्या."

पाटी लावून आज नववा दिवस. काल सकाळी एजंटचा फोन आला होता. "काका, एक मुलगा आहे. तुम्हाला कसे लोक चालतील?" मी म्हणालो, "घेऊन या." त्यानं परत विचारलं, "नाही, पण कसे?" मी म्हणालो, "भाडं वेळेवर देणारे." आज दुपारी चार वाजता ते येणार आहेत.